सिस्टर थांबल्या म्हणून हे लिहितेय (नर्सिंगला ५ पैकी ५, बाकीच्याला ३)

बाबांना यंदा जूनमध्ये इथे, या हॉस्पिटलमध्ये, ११ दिवस ॲडमिट केलं होतं, पायाच्या जखमेत इन्फेक्शन. शुगर पंचवीस वर्षांची आहे त्यामुळे चपलेने साधं घासलं तरी ते चिघळतं, आणि यावेळी तर नडगीपर्यंत लालभडक, हात लावला तर गरम. डॉक्टर चांगले आहेत, ऑपरेशन थिएटर वगैरे सगळं आहे, ते सगळे लिहितातच. मला लिहायचंय ते इथल्या सिस्टर्सबद्दल, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल, की त्या अँटिबायोटिक कसं देतात. कारण मी ११ दिवस बाबांच्या उशाशी बसून तेच बघितलं आणि आमच्या घरात त्या गोष्टीला एक जुनी भीती चिकटलेली आहे.

भीती कशी ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा पिंपरीच्या एच.ए. कंपनीतून रिटायर झाले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झालेला सरकारी कारखाना, आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन बनायला लागलं ते तिथे. बाबा ऐन तरुणपणी तिथे लागले, व्हायल भरायच्या डिपार्टमेंटला, आणि सात-आठ वर्षांनी त्यांच्या अंगावर गांधी उठायला लागल्या, मग धाप, शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना तिथून काढून स्टोअरला टाकलं. रोज ती पावडर नाकातोंडात आणि हाताला लागून शरीराला तिचं वावडं झालं होतं. म्हणजे ज्या औषधावर आमचं घर चाललं, माझं आणि दादाचं शिक्षण झालं, तेच औषध बाबांना चालत नाही. आम्ही कॉलनीतली मुलं लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलो, बाबांना पेनिसिलिन चालत नाही, घरात सगळ्यांना पाठ.

आणि तरी २०२२ मध्ये ते त्यांच्या अंगात गेलंच. दुसरीकडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये, नाव घेत नाही. लघवीच्या इन्फेक्शनसाठी नेलं होतं रात्री, काउंटरवर मी सांगितलं, ड्यूटीच्या डॉक्टरांना सांगितलं, दोघांनी मान डोलावली, पण कागदावर कुणीच लिहिलं नाही. मग ड्यूटी बदलली. नवीन सिस्टर आली, अगदी कोवळी पोर, एका मजल्याला एकटी, तिने बाबांच्या हातावर टेस्ट डोस टोचला, पेनने गोल काढला, आणि पाच मिनिटात परत येऊन म्हणाली काही नाही काका, निगेटिव्ह आहे. ती टेस्ट पंधरा-वीस मिनिटांनी बघायची असते हे मला नंतर कळलं, आणि ज्याला आधीच एवढी रिॲक्शन येऊन गेलीय त्याला वॉर्डात असं टोचून बघायचंच नसतं, आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे औषध चालेलच असंही नसतं, हेही नंतर. इंजेक्शन होतं अमॉक्सिसिलिनवालं, पेनिसिलिनच्याच जातीचं. तिने शिरेतून दिलं आणि शेजारच्या खोलीत गेली. बाबा म्हणाले तळहाताला खाज येतेय. मग ओठ जाड झाले. मग म्हणाले, मला काहीतरी होतंय गं, आणि बोलताना आवाज असा घोगरा आला की मी चप्पल न घालता कॉरिडॉरमध्ये धावले. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, आले, मांडीत ॲड्रेनलिन दिलं, पाय वर केले, ऑक्सिजन लावला, आणि बाबा परत आले. वाचवलं त्यांनीच, तेही खरंय. त्या पोरीला मी तेव्हा खूप बोलले. आता वाटतं तिच्या हातात फाइल आली त्यात ॲलर्जीच्या रकान्यात काहीच नव्हतं, ती तरी काय करणार होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर असं सगळं मनात घेऊन मी यावेळी इथे आले.

कॅज्युअल्टीत बाबांना बेडवर घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत तिथल्या सिस्टरनेच विचारलं, काका, कुठल्या औषधाची ॲलर्जी? मी म्हटलं पेनिसिलिन. सगळीकडे इथपर्यंत विचारतात. पण या पुढे विचारत गेल्या. नक्की काय झालं होतं? औषध दिल्यावर किती वेळाने? अंगावर गांधी होत्या का, ओठ-जीभ सुजली का, बीपी कमी झालं होतं का, कुठलं इंजेक्शन देऊन बरं झालं, आणि किती वर्षं झाली. मी २०२२ चं सगळं सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं, माझ्यासमोर, लाल पेनने, आणि फाइलच्या पहिल्या पानावर आणि औषधाच्या चार्टवर दोन्हीकडे. मग बाबांच्या मनगटावर लाल पट्टी बांधली, पांढऱ्या नावाच्या पट्टीच्या शेजारी. मी विचारलं एवढं खोदून कशाला, तर म्हणाल्या ताई, खूप लोक सांगतात पेनिसिलिन चालत नाही आणि विचारलं की कळतं लहानपणी जुलाब झाले होते, ती ॲलर्जी नसते, उगाच त्यांचं चांगलं औषध बंद होतं आणि मग त्यांना जास्त जड औषधं द्यावी लागतात. मी मनात म्हटलं, माझ्या आईचं अगदी असंच आहे, आयुष्यभर सांगत आलीय मला चालत नाही आणि कारण काय तर पोट बिघडलं होतं एकदा. तेव्हा विचारायचं ते असं विचारायचं. नुसतं हो-नाही लिहून भागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तासाभराने वॉर्डात वर आणलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, मी खाली मेडिकलमधून घेऊन आले, पिशवी सिस्टरच्या हातात दिली. चष्मेवाल्या सिस्टर, लातूरकडच्या, पस्तिशीच्या असतील. त्यांनी एक व्हायल काढली, ट्यूबलाइटखाली धरून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, चार्ट बघितला, मग बाबांकडे वळून म्हणाल्या, काका पूर्ण नाव सांगा. बाबांनी सांगितलं. पट्टीवरच्या नावाशी आणि नंबराशी ताडून बघितलं. आणि ॲलर्जी कशाची म्हणालात? पेनिसिलिन, बाबा म्हणाले. सिस्टरने व्हायल ट्रेमध्ये परत ठेवली. झाकण पण उघडलं नाही. म्हणाल्या, हे आत्ता मी देत नाही, डॉक्टरांशी बोलून येते.

ती व्हायल होती पिपटाझ. सगळे तेच म्हणतात, मी मेडिकलवाल्याकडे पण पिपटाझच मागितलं. पूर्ण नाव पिपरासिलिन आणि टॅझोबॅक्टम. म्हणजे पिपरा-सिलिन. पेनिसिलिनच्याच घरातलं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, या सगळ्यांच्या शेवटी सिलिन ऐकू येतं त्यामुळे निदान शंका तरी येते, पण पिपटाझ म्हटलं की ते सिलिन मध्येच गडप होतं. जन्मभर पेनिसिलिनच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला कळलं नाही, आणि मी, जिला हे वाक्य पाठ आहे, मीच ते माझ्या हाताने विकत घेऊन वर आणलं होतं.

नर्सिंग स्टेशन आमच्या बेडपासून दहा पावलांवर आहे म्हणून मला फोनवरचं ऐकू आलं. पलीकडून डॉक्टर बहुतेक घाईत होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, सर, लाल पट्टी आहे, हिस्टरीत ॲलर्जीचा शॉक लिहिलाय, पिपटाझ पेनिसिलिनच आहे ना, तुम्ही येऊन चार्ट बदलून सही करा, तोपर्यंत मी देत नाही. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही ती बाई. आणि डॉक्टरांचंही सांगते, ते दहा मिनिटात आले, चार्ट बघितला, चेहरा उतरला त्यांचा, औषध खोडून सही केली, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसरी दोन औषधं लिहिली, व्हँकोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन. आणि आमच्यासमोर सिस्टरला थँक्यू म्हणाले. बाबांना सॉरी म्हणाले. पाऊण तासात पहिला डोस सुरू झाला पण. मी म्हणते यात डॉक्टरला पण मार्क द्यायला पाहिजेत, कारण सिस्टरने अडवलं तर राग न धरणारे डॉक्टर असतील तिथेच सिस्टर दुसऱ्यांदा अडवायला धजते. चूक तर झालीच होती लिहिताना, ती नाकारून चालणार नाही, रेटिंग देताना मी तो विचार केलाय. पण ती चूक बाबांच्या शिरेपर्यंत पोचली नाही, मध्ये एक माणूस उभा होता.

अजून एक, पहिला डोस द्यायच्या आधी जखमेतला पू आणि रक्त दोन्ही कल्चरला घेतलं. रक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, म्हणून बाबांना दोनदा टोचलं, मला तेव्हा वाईट वाटलं. सिस्टर म्हणाल्या अँटिबायोटिक एकदा अंगात गेलं की जंतू नीट वाढत नाहीत आणि मग रिपोर्ट नुसता कोरा येतो, कुठला जंतू आहे कळत नाही आणि अंदाजाने औषधं देत बसावं लागतं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, एमआरएसए, म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू, आणि फक्त तोच. मग लिव्होफ्लॉक्सासिन बंद केलं आणि एकच औषध राहिलं. एक औषध कमी म्हणजे खर्च कमी, जुलाब कमी, शुगरवर त्रास कमी. दोनदा टोचल्याचं वाईट वाटणं तिथे संपलं.

व्हँकोमायसिन सकाळी १० आणि रात्री १०. मी सुट्टी काढून दिवसभर थांबायचे त्यामुळे सकाळचा डोस मी जवळजवळ रोज बघितला. दरवेळी सिस्टर नाव विचारायच्या. दरवेळी म्हणजे दरवेळी, अकराव्या दिवशी सुद्धा, जेव्हा सगळ्या सिस्टर्सना बाबांच्या नातवाचं नाव माहीत झालं होतं. बाबा एकदा म्हणाले अहो आता तरी ओळखता ना मला, तर सिस्टर म्हणाल्या काका ओळखते पण तरी सांगा. मग हात सॅनिटायझरने चोळणार, प्रत्येक बेडच्या पायथ्याशी बाटली आहे आणि ती भरलेली असते हे मुद्दाम लिहिते कारण बऱ्याच ठिकाणी ती शोभेलाच असते. मग इन्ट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या सुईच्या नळीच्या, तोंडाला स्पिरिटच्या स्वॅबने घासणार, नुसतं टेकवून नाही, बूच घासतात तसं गोल गोल, मी मनात मोजलं तर पंधरापर्यंत झालं, मग वाळू देणार, मग सलाईनने लाइन धुणार आणि मगच औषध. घाईत असलेल्या सिस्टरने पण हे सोडलेलं मी बघितलं नाही. फक्त एका शनिवारी एक नवीन ब्रदर स्वॅब न फिरवताच लावायला गेला तर मागून इन्चार्ज सिस्टरने नुसतं अं असं केलं आणि त्याने हात मागे घेतला.

औषध २५० एमएलच्या सलाईनमध्ये मिसळून दीड तासात जायचं. हे औषध हळूच द्यावं लागतं, एक ग्रॅमला कमीत कमी एक तास, त्याहून जोरात गेलं तर मान-तोंड लाल होतं, खाज सुटते, बीपी पडू शकतं. सिस्टर डाव्या हातातलं घड्याळ चेंबरच्या शेजारी धरून थेंब मोजायच्या, ओठ हलायचे त्यांचे, पूर्ण मिनिट, मग नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक किंचित आवळायच्या आणि परत मोजायच्या. ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं पंपाचं मशीन आयसीयूत आहे, जनरल वॉर्डात नाही. ते असायला हवं असं मला वाटतं, मॅनेजमेंटने वाचावं.

आणि इथे आमच्याच घरच्यांची चूक सांगायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला होता, मी खाली चहाला गेले. बाबांना लघवीला जायचं होतं, सलाईन अजून अर्धं होतं, दादाने ते चाक फिरवून मोठं केलं, लवकर संपेल म्हणून. मी वर आले तेव्हा बाबांची मान आणि छाती टोमॅटोसारखी लाल, डोकं खाजवतायत. माझे पाय लटपटले, मला २०२२ च दिसलं डोळ्यासमोर. बेल दाबली, बेल चालत नव्हती, मी ओरडले. सिस्टर आल्या, पहिलं काम सलाईन बंद. मग जीभ बघितली, श्वास ऐकला, बीपी, बोटाला ऑक्सिजनचं मशीन, दुसरी सिस्टर तेवढ्यात इमर्जन्सीच्या औषधांची लाल ट्रॉली घेऊन बेडशी उभी, कुणी तिला सांगितलं पण नव्हतं. डॉक्टर आले. बीपी ठीक, श्वास ठीक. खाजेचं इंजेक्शन दिलं आणि वीस-पंचवीस मिनिटात लाली उतरायला लागली. डॉक्टरांनी समजावलं की ही पेनिसिलिनसारखी ॲलर्जी नाही, औषध जोरात गेल्यामुळे आहे, औषध बंद करायची गरज नाही, आणखी हळू द्यायचं.

मग सिस्टरने बाटलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, चाक कुणी फिरवलं का? दादाने मान्य केलं. मला वाटलं आता सगळ्या वॉर्डासमोर उद्धार होणार. त्या म्हणाल्या, दादा, बाथरूमला जायचं असेल तर मला हाक मारा, मी बंद करून देते, पण ते चाक माझं आहे, तुमचं नाही. एवढंच. आणि संध्याकाळपासून त्यांनी एक युक्ती केली, बाटलीवर उभी पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनने आडव्या रेघा मारून वेळा लिहिल्या, १०.००, १०.३०, ११.००, ११.३०, १२.०० वाजता संपलं पाहिजे. पाणी त्या रेघेच्या खाली आधीच गेलं की कुणालाही लांबूनच दिसणार जोरात चाललंय. मिनिटाला ४२ थेंब धरले तर दोन तास, हे त्यांनी मला पण सांगितलं, मी पण मोजायला शिकले, चाकाला मात्र हात लावला नाही. पुढचे सगळे डोस दोन तासात गेले आणि पुन्हा लाली आली नाही.

हाताची सुई. बाबांच्या शिरा कोरड्या पडलेल्या ओढ्यासारख्या, हाताला लागतच नाहीत. गुलाबी इन्ट्राकॅथ लावलं होतं, त्याच्या पारदर्शक पट्टीवर तारीख, वेळ आणि लावणारीची सही. प्रत्येक ड्यूटीला येणारी सिस्टर पहिल्यांदा तिथे वाकून बघायची, बोटाने वरच्या बाजूला हलकं दाबायची, काका दुखतंय का? चौथ्या दिवशी बाबा म्हणाले थोडं चुरचुरतंय. बघितलं तर सुईच्या वर चार बोटं शिरेची लालसर रेघ. त्याच क्षणी काढली. बाबा म्हणाले राहू दे हो, आजचा डोस जाऊ दे, दुसऱ्या हाताला शीर मिळत नाही. त्या म्हणाल्या नाही, हे औषध शिरेला झोंबतं, बाहेर मांसात उतरलं तर कातडी जाईल. दुसऱ्या हाताला दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः न टोचता आयसीयूतल्या सिनियर सिस्टरना बोलावलं आणि त्यांनी एका फटक्यात निळं इन्ट्राकॅथ लावलं. मला हे फार आवडलं. तिसरा प्रयत्न मीच करणार असा हट्ट नाही.

किडनीचं पण लिहिते. या औषधाने किडनीवर ताण येतो आणि बाबांची शुगरमुळे आधीच नाजूक. एक दिवसाआड क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, लघवी मोजून लिहायची, आणि चौथ्या डोसच्या आधी रक्तातली औषधाची पातळी बघायला रक्त. ते रक्त डोस द्यायच्या अगदी आधी घ्यायचं असतं आणि सलाईन चालू असलेल्या हाताचं नाही, दुसऱ्या हाताचं. लॅबचा मुलगा उशिरा आला तर सिस्टरने डोस थांबवून धरला, तो आल्यावर रक्त गेलं मगच औषध लावलं. पातळी थोडी जास्त निघाली, डोस कमी केला. हा एक आकडा त्यांनी गडबडीत उलटसुलट घेतला असता तर डॉक्टरने त्यावरच पुढचा हिशोब केला असता. सहाव्या दिवशी जुलाब झाले तर किती वेळा, पाणी की पातळ, रक्त आहे का सगळं विचारलं, सॅम्पल पाठवलं, आणि मला सांगितलं की आता सॅनिटायझरवर भागवू नका, साबणपाण्याने हात धुवा, जुलाब करणारा एक जंतू सॅनिटायझरने मरत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला.

आता रात्रीचं. रात्री मात्र स्टाफ कमी पडतो, मी दोन रात्री थांबले, मी मोजलं, १८ पेशंटला एक सिस्टर आणि एक मावशी. हे बरोबर नाही. आठव्या रात्री शेजारच्या आजींची तब्येत एकदम बिघडली, सगळी धावपळ तिकडे, आणि बाबांचा १० चा डोस लागला ११.२० ला. सिस्टर आल्या, घामाघूम, म्हणाल्या काका सॉरी, उशीर झाला. पुन्हा नाव, पुन्हा पट्टी, पुन्हा स्वॅब. मग चार्टवर लिहायला लागल्या आणि मी सहज वाकून बघितलं. छापील रकाना १० चा होता. त्यांनी शेजारी ११.२० लिहिलं, कारण लिहिलं आणि सही केली. १० वर टिक मारून मोकळं होणं किती सोपं होतं, मध्यरात्री कोण बघणार होतं. सकाळी डॉक्टरांनी ते वाचलं आणि पुढच्या डोसची वेळ त्या हिशोबाने सरकवली. मी बँकेत २१ वर्षं नोकरी केलीय, नोंद वेळच्या वेळी आणि खरी लिहिणं म्हणजे काय ते मला माहितीय, आणि तेही अशा रात्री. त्या सिस्टरचं नाव मला माहितीय, इथे लिहीत नाही, पण इन्चार्जना लेखी देऊन आलेय.

तक्रारी पण आहेत. बेल ११ दिवसात दुरुस्त झाली नाही, ज्या दिवशी खरी गरज होती त्या दिवशीच वाजली नाही, ही छोटी गोष्ट नाही. डिस्चार्ज सांगितला सकाळी ९ ला आणि बाहेर पडलो दुपारी सव्वादोनला. बिलात ग्लोव्हजचे इतके बॉक्स लावलेत की मला विचारावं लागलं, मग दोन कमी केले. कँटीनचा चहा पिऊ नका, बाहेर रिक्षा स्टँडजवळ टपरी आहे तिथला प्या. पार्किंग नाही.

दहाव्या दिवशी सूज उतरली, ताप नाही, रिपोर्ट चांगले, मग शिरेतलं बंद करून गोळी सुरू केली, लिनेझोलिड, दिवसातून दोनदा. बाबांना वाटलं इंजेक्शन बंद म्हणजे उपचार हलका केला, पुष्कळ लोकांना तसंच वाटतं. सिस्टरने सांगितलं की ही गोळी पोटातून पण जवळजवळ पूर्ण अंगात जाते, आणि सुई काढली की सुईतून होणारं इन्फेक्शन पण टळतं. मग आणखी प्रश्न, काका झोपेची किंवा मनाच्या आजाराची कुठली गोळी घेता का, सर्दीच्या गोळ्या घरात आहेत का, कारण त्या या गोळीबरोबर चालत नाहीत. आणि दर आठवड्याला रक्त तपासा, प्लेटलेट कमी होतात. गोळीच्या पाकिटावरची उभी लाल रेषा बाबांच्या बोटाने त्यांनाच दाखवली. ती रेषा असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, सरकारने २०१६ मध्ये त्याची मोहीम पण काढली होती. बाबा म्हणाले अहो मी अँटिबायोटिकच्या कारखान्यातला माणूस, आमच्यावेळी ही रेषा नव्हती. आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, बरोबरच केलं, आमच्या घरात असा डबा आहे. होता. मी घरी आल्यावर रिकामा केला.

निघताना चष्मेवाल्या सिस्टरने एक कार्ड दिलं, जाड कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आणि वरून चिकटपट्टी लावून पक्कं केलेलं. पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी, २०२२ मध्ये शॉक. खाली ओळीने नावं, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, आणि शेवटी पिपटाझ, त्याच्याखाली दोन रेघा. व्हँकोमायसिन चालतं पण दोन तासात द्या, असं पण. बाबा ते एखाद्या पाससारखं शर्टच्या खिशात ठेवतात, शर्ट धुवायला टाकताना आई पहिला तो खिसा बघते. दर गुरुवारी ड्रेसिंगला जातो आम्ही, पहिला मजला, ११ नंतर गेलात तर गर्दी कमी असते.